बूस्ट आला की गाडी मिसिंग मारते – ऑक्टाव्हिया १.८, स्टेज १ (ठाणे)

घोडबंदर१८ :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण आता माझं डोकंच चालेनासं झालंय. गाडी ऑक्टाव्हिया १.८ टर्बो पेट्रोल, २०१५ ची, सात गिअरची ऑटोमॅटिक, मी दुसरा मालक, ८७ हजार किमी झालेत. मागच्या दिवाळीला स्टेज १ रिमॅप केला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), एअर फिल्टर आणि इंटरकूलर बदलला, बाकी इंजिन कंपनीचंच आहे. सात-आठ महिने गाडी अशी पळाली की काय सांगू, घरी पोचलो तरी पार्किंगमध्ये दोन मिनिटं बसून राहायचो.

जूनपासून बिघडलं. कासारवडवलीहून माजिवड्याला येताना ट्रॅफिकमध्ये काही नाही, आयडलवर एकदम मऊ, एसी लावून सिग्नलला उभी असली तरी थरथर नाही. पण कापूरबावडीचा फ्लायओव्हर चढताना पाय दाबला आणि बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) भरला की धड-धड-धड झटके, कोणीतरी मागून बंपर धरून खेचतंय असं वाटतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, पाय काढला की शांत. कोड आलेत पी०३०० आणि पी०३०३, म्हणजे मिसफायर, आणि तो ३ नंबरच्या सिलिंडरला.

आतापर्यंत काय केलं तर प्लगला वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलल्या (ऑनलाइन सेट, बाहेरच्या कंपनीचा, ६,८०० रु.), पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं, टाकीत इंजेक्टर क्लीनर टाकला. कॉइल बदलल्यावर दोन दिवस बरं वाटलं मग परत तेच. ज्यांच्याकडे मॅप केला ते म्हणतात इंजिनला पेट्रोल देणारा हाय प्रेशर पंप गेलाय, स्कॅनरवर मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दिसतंय, ४५ हजार लागतील. बाबा म्हणतायत विकून टाक ती गाडी. मला विकायची नाहीये. पंप घ्यायच्या आधी कोणीतरी सांगा की मी बरोबर दिशेने चाललोय का.

कळव्याचे_काका :
आधी एक गोष्ट कर. दिवा लुकलुकतो ना, मग आजपासून पाय दाबायचा नाही. नुसता पेटलेला दिवा वेगळा आणि लुकलुकणारा वेगळा. लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये (एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जातंय आणि तिथे पेटतंय, कॅट आतून वितळतो, आणि त्याची किंमत ऐकलीस तर पंपाची किंमत कमी वाटेल. ऑफिसला जायला हळू चालव, बूस्ट येऊ देऊ नको, तेवढ्याने काही होत नाही.

आता मला सांग, प्लग कधी बदललेस? तू कॉइल लिहिल्यास, पेट्रोल लिहिलंस, क्लीनर लिहिलास, प्लगचं नावच नाही. कॉइल बदलायला तर कॉइल उपटूनच काढावी लागते, तिच्या खालीच प्लग असतो, तो बघितला नाही का कोणी?

घोडबंदर१८ :
काका, खरं सांगतो, प्लग मी घेतल्यापासून बदललेलेच नाहीत. ५२ हजारला घेतली होती. आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बुकमध्ये ४५ हजारला प्लग बदलल्याचं लिहिलंय. कॉइल बिल्डिंगखालीच एका ओळखीच्या मुलाने बदलल्या, त्याने प्लग काढले नाहीत, म्हणाला आयडल मस्त आहे म्हणजे प्लग ओके.

ऐरोलीकर :
मित्रा मी ट्यूनरच्या, म्हणजे तुझ्या मॅपवाल्यांच्या बाजूने बोलणार. माझ्या गाडीला (दुसरी कंपनी, पण डायरेक्ट इंजेक्शनच) अगदी असंच झालं होतं, वरच्या आरपीएमला झटके आणि शेवटी पंपच निघाला. शिवाय आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते एका भागाला, इथेनॉलला फक्त ९, म्हणजे ई२० ला साडेतेराच्या आसपास. तेवढ्याच हवेला जास्त पेट्रोल टाकावं लागतं. रिमॅपने हवा वाढवली, इथेनॉलने पेट्रोलची गरज वाढवली, पंप तोच जुना ८७ हजार चाललेला. लीन दिसतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, यात शंका घ्यायला जागा आहे असं मला तरी वाटत नाही.

सानपाडावाली :
ऐरोलीकर, इथेनॉलचं बरोबर आहे, पण "लीन दिसतंय म्हणजे पेट्रोल कमी" हे मिसफायरच्या गाडीला लावता येत नाही आणि यातच लोकांचे पैसे जातात म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एक्झॉस्टमधला लॅम्ब्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो ऑक्सिजन मोजतो. सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही तर पेट्रोल तसंच बाहेर जातं आणि त्याच्यासोबत न वापरलेला सगळा ऑक्सिजन पण बाहेर जातो. सेन्सरला दिसतो तो ऑक्सिजन. तो म्हणतो लीन. प्रत्यक्षात पाइपमधून कच्चं पेट्रोल वाहतंय. म्हणजे लीनमुळे मिसफायर की मिसफायरमुळे लीन, हे नुसत्या लॅम्ब्डावरून कळत नाही. पंपाचा संशय असेल तर रेल प्रेशर (इंजेक्टरपर्यंत पोचणाऱ्या पेट्रोलचा दाब) बघायचं, ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) किती मागितलं आणि किती मिळालं. दोन्ही रेषा बरोबर चालत असतील तर पंपाने काम केलेलं आहे, विषय संपला. आणि पंप खरंच कमी पडत असता तर बहुतेक पी००८७ (रेल प्रेशर कमी) हा कोड आला असता, तो यादीत नाहीये.

घोडबंदर१८, दुसरं विचारायचंय, झटके नक्की कुठल्या आरपीएमला येतात? साडेपाच हजारला की तीन हजारला? हे फार महत्त्वाचं आहे.

घोडबंदर१८ :
ताई मी एवढं बारीक पाहिलं नाही. बहुतेक तीनच्या पुढे कुठेतरी. एकदा पाय दाबून ठेवला होता तर वर जाऊन जरा कमी झाल्यासारखं वाटलं, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील म्हणून लिहिलं नाही.

सानपाडावाली :
मनाचे खेळ नाहीत. सिलिंडरमधला दाब सर्वात जास्त असतो तो जिथे टॉर्क सर्वात जास्त तिथे, तुझ्या गाडीत तो तीन हजारच्या आसपासच भरलेला असतो, रिमॅपनंतर तर आणखीच. आणि पेट्रोलची मागणी सर्वात जास्त असते वर, जिथे पॉवर सर्वात जास्त, पाच-साडेपाच हजारला. पंप कमी पडणारी गाडी वर जाऊन मरते. ठिणगी कमी पडणारी गाडी मधेच, टॉर्क भरला की मरते आणि वर थोडी सावरते. हा अगदी लोखंडी नियम नाही पण दहातल्या बऱ्याच वेळा मला तो उपयोगी पडलाय. लॉग काढ, म्हणजे चालवताना हे आकडे लॅपटॉपवर नोंदव. आरपीएम, बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, रेल प्रेशर मागितलेलं आणि मिळालेलं, लॅम्ब्डा, इग्निशन रिटार्ड (ईसीयू ठिणगी किती मागे ढकलतो), आणि प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंट.

खारघर_एक्सप्रेस :
लॉगसाठी रात्री पाम बीच रोडला ये भावा, बारानंतर रिकामा असतो, वाशीपासून बेलापूरपर्यंत सरळ, दोनदा फुल पाय दाबून पळवली की सगळं कळेल.

कळव्याचे_काका :
नाही. हे इथे कोणी लिहू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. पाम बीचवर काय काय अपघात झालेत ते या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, मी स्वतः तिथून उचललेल्या गाड्या दुरुस्तीला घेतल्यात, आतल्या सीट बघवत नाहीत. आणि झटके मारणाऱ्या गाडीला फुल थ्रॉटल तर अजिबात नाही.

लोड पाहिजे ना, लोडला वेग लागत नाही, चढ लागतो. गायमुखला चढ आहे पण खड्डे आणि ट्रेलर, तिथे नको. रविवारी पहाटे एक्सप्रेसवेने बोरघाट चढ. तिसऱ्या गिअरला मॅन्युअलवर ठेवून, घाटातली वेगमर्यादा पाळून, तेवढ्याच वेगात अडीच-तीन हजारला इंजिनवर पूर्ण वजन येतं. दोन-तीन सेकंद दाबायचा, सोडायचा, बस. लॅपटॉप शेजारच्या माणसाच्या मांडीवर, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

खारघर_एक्सप्रेस :
काका बरोबर आहे तुमचं. माझी पोस्ट मागे घेतो.

घोडबंदर१८ :
आज पहाटे जाऊन आलो, चुलतभाऊ लॅपटॉप घेऊन बसला होता. ऐरोलीतून बाहेर पडलो तेव्हा पाऊस होता, कळंबोलीनंतर थांबला. खालापूर टोलनंतर चढाला तिसरा गिअर टाकला.

आकडे देतो. २,६५० आरपीएमपर्यंत काही नाही. २,८०० ला बूस्ट १.२ बार झाला आणि तिथेच पहिला झटका. बूस्ट मागितलेला १.२२, मिळालेला १.१९. रेल प्रेशर मागितलेलं १९५ बार, मिळालेलं १९२ ते १९४, एकदाही पडलं नाही. लॅम्ब्डा (१ च्या वर म्हणजे लीन) आधी ०.८८ होता, झटका आला त्या क्षणी १.०५ ला उडी आणि परत खाली. रिटार्ड किरकोळ. काउंट – सिलिंडर १ ला २, सिलिंडर २ ला ०, सिलिंडर ३ ला ४१, सिलिंडर ४ ला १.

ताई तुम्ही म्हणालात तसंच झालं, आधी झटका आणि मग लीन, लीन आधी नाही आलं. भावाने ते दोनदा मागे नेऊन दाखवलं. ४५ हजारांचा पंप मी या शनिवारी ऑर्डर करणार होतो.

ऐरोलीकर :
रेल प्रेशर बघितलं. मी चुकलो, पंप नाहीये हा. माझ्या गाडीत १५० मागितलं की ११० मिळत होतं, इथे तसं काहीच नाही. आधी लॉग मागायला हवा होता मी.

सानपाडावाली :
आता संशय ठिणगीवर, आणि तोही ३ नंबरच्या. आयडलला मस्त आणि बूस्टला मरतं हे का, ते एकदा समजून घे म्हणजे पुढच्या वेळी तो मुलगा "आयडल मस्त म्हणजे प्लग ओके" म्हणाला तर तुला उत्तर देता येईल.

प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील ते दोन गोष्टींवर ठरतं, मधल्या वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर. पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हे मोजून मांडलं. दाब वाढला की व्होल्टेज वाढतं, गॅप वाढली तरी वाढतं, आणि दोन्ही वाढलं तर एकमेकांना गुणून वाढतं. तुझा गेज १.२ बार दाखवतो पण ते हवेच्या दाबाच्या वरचे, म्हणजे इंजिन खरं तर २.२ बार हवा आत ओढतंय. साधं नॉन-टर्बो इंजिन फार तर १ ओढतं. आयडलला तर मॅनिफोल्डमध्ये निर्वातच असतो, ०.३-०.४ बार. म्हणजे आयडलला प्लगला जेवढं काम आहे त्याच्या कित्येक पट काम घाटात आहे. अर्धमेला प्लग पण आयडलला हसत खेळत ठिणगी देतो.

आणि कॉइल कधी म्हणत नाही की मला जमत नाही. ती व्होल्टेज चढवत जाते. गॅपमधून उडी मारणं कठीण झालं तर वीज दुसरी वाट शोधते, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून बाहेरच्या बाहेर खाली मेटलला. त्या सिलिंडरला त्या फेरीत ठिणगी शून्य. प्लग काढून ती पांढरी मान भिंगातून बघ.

कळव्याचे_काका :
प्लग काढायची पद्धत सांगतो, घाईत नको. इंजिन थंड, रात्रभर उभी. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढला तर आटे येतात सोबत. कॉइलचा लॉक जुना झाला की कडक होतो आणि तुटतो, आधी थोडी आत दाबायची मग लॉक सोडायचा मग सरळ वर, वाकडी ओढायची नाही. विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, हवा मारायची नाहीतर वाळू खाली सिलिंडरमध्ये. चारही प्लग काढून कागदावर १-२-३-४ लिहून त्याच क्रमाने ठेव. पुसू नकोस. प्लगवर जे आहे ते वाचायचंय.

आणि एक विचारतो, मे-जूनमध्ये इंजिन प्रेशरने धुतलं होतंस का?

घोडबंदर१८ :
काका तुम्हाला कसं कळलं? मे अखेरीला सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन बे धुवून घेतला होता, फोटो काढायला छान दिसावा म्हणून.

प्लग काढले आज. लिहितो तसं बघा. १, २ आणि ४ चं टोक फिकट तपकिरी, कोरडं. ३ नंबरचं टोक काळपट, हाताला लागतं आणि पेट्रोलचा वास. पण खरी गोष्ट वर आहे. पांढऱ्या मानेवर, वरच्या धातूच्या टोपीपासून खाली पाना बसतो त्या षटकोनापर्यंत एक रेघ आहे, काळी, पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक, सरळ नाही, मधे एका ठिकाणी वळलेली, एखाद्या नदीच्या नकाशासारखी. नखाने घासली, गेली नाही. कॉइलचं रबर टॉर्चने बघितलं तर आतून बरोब्बर त्याच बाजूला तसाच काळा माग. ही कॉइल तीन आठवड्यांपूर्वी नवी लावलेली आहे! बाकीच्या तीन प्लगांना रेघ नाही पण षटकोनाच्या वर एक तपकिरी कडं आहे, तेही खराब समजायचं का?

गॅप मोजली फीलर गेजने. १ ला ०.९५, २ ला ०.९०, ३ ला १.०, ४ ला ०.९५.

तुर्भे_टर्बो :
तपकिरी कडं घाबरायचं कारण नाही. त्याला कोरोनाचा डाग म्हणतात, उच्च व्होल्टेजने आजूबाजूच्या हवेतला तेलाचा अंश ओढून तिथे चिकटतो, गोल सगळीकडून सारखा असतो. लोक त्याला गॅस लीक समजून चांगले प्लग फेकतात. काळी उभी रेघ मात्र खरा गुन्हेगार. ती कार्बनची आहे, कार्बन वीज वाहून नेतो, एकदा पडली की वीज दर वेळी तिथूनच जाणार. आणि जुना रेघेचा प्लग ठेवून नवी कॉइल लावली की नव्या रबराला पण लगेच तसाच माग पडतो. म्हणून तुला दोन दिवस बरं वाटलं आणि मग परत तेच. कॉइलने काम केलं होतं, प्लगने तिला खराब केलं.

कथा अशी दिसतेय – गॅप झिजून ०.८ ची १.० झाली, स्टॉक बूस्टला अजून चाललं असतं, रिमॅपने दाब वाढवला, प्लग काठावर आला, आणि मे मध्ये धुतलेलं पाणी ३ नंबरच्या विहिरीत राहिलं. वीज ओल्या बाजूने उतरली, रेघ पडली.

आता नवीन घेताना. स्टेज १ ला साधारण एक नंबर थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) घेतात, पण नीट लक्ष दे, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये नंबर जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये उलटं, नंबर जितका लहान तितका थंड. एकाचं कोष्टक बघून दुसऱ्याचा प्लग घेतला तर एक पायरी थंड घ्यायच्या ऐवजी एक पायरी गरम घेशील, आणि बूस्टला गरम प्लग म्हणजे पिस्टनला भोक. तुझ्या मॅपवाल्यांना विचार त्यांनी कुठला धरलाय. गॅप ०.६ ते ०.६५ ठेव. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं असतं, त्याला गेज टेकवून उचकायचं नाही, तुटतं, बाहेरचा हूक हळूच वाकवायचा. नाण्यासारखं गोल गेज तर नकोच. टॉर्क पाना वापर, कंपनीने दिलेला आकडा. आणि ३ नंबरचं रबर, किंवा अख्खी कॉइल, प्लगसोबतच बदल. हे विसरू नको.

खारघर_एक्सप्रेस :
गॅप कमी केली तर आयडल खराब होत नाही का? मी ऐकलंय मोठी गॅप म्हणजे मोठी ठिणगी.

तुर्भे_टर्बो :
मोठी गॅप आयडलला आणि हलक्या पायाला खरंच चांगली, ठिणगी लांब आणि पेटवायला सोपं. म्हणूनच कंपनी ०.८ देते. पण जी ठिणगी उडतच नाही ती कितीही लांब असून काय उपयोग. ०.६ ला आयडलमध्ये फरक मला जाणवलेला नाही, ०.५ च्या खाली गेलास तर जाणवेल.

घोडबंदर१८ :
नवीन प्लग आले, गॅप चारही ०.६२ केली, बसवले. ३ नंबरची कॉइल ठाण्यात लगेच मिळाली नाही म्हणून रबर आतून स्पिरिटच्या कापडाने पुसून तीच लावली. आज परत घाट. काउंट ३ नंबरचा ४१ चा ६ झाला, बाकी १ ला १, ४ ला १. झटके जवळजवळ गेले, पण एकदा दिवा लुकलुकला. गाडी आठ महिन्यांपूर्वीसारखी वाटतेय आणि तरी ते ६ डोक्यात बसलेत.

तुर्भे_टर्बो :
पुसून जात नाही तो माग. रबराच्या आत शिरलेला असतो. आणि आता नव्या प्लगला पण रेघ पडायच्या आत काढ ती कॉइल.

सानपाडावाली :
काढायच्या आधी एक प्रयोग कर, फुकट आहे आणि दहा मिनिटांचा. ३ ची कॉइल १ वर लाव, १ ची ३ वर. बाकी काहीही हलवू नको, प्लग नाही, पेट्रोल नाही, काही नाही. मिसफायर १ वर गेला तर कॉइल. ३ वरच राहिला तर आपण इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे जाऊ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बरी झाली तरी कशाने झाली ते तुला कधी कळणार नाही.

घोडबंदर१८ :
केलं. मिसफायर १ वर गेला. १ ला ७, ३ ला ०.

आणि अजून एक सांगतो. पहिल्या वेळी काढलेल्या कंपनीच्या जुन्या कॉइल मी टाकल्या नव्हत्या, डिकीत पिशवीत होत्या. त्यांची रबरं टॉर्चने पाहिली. ३ नंबरच्या जुन्या कॉइलला माग आहे, बाकी तीन स्वच्छ, आतून नव्यासारख्या.

कळव्याचे_काका :
मग त्या तीन परत लाव आणि ३ नंबरला एक कंपनीची नवी घे. म्हणजे तुझ्या चारातल्या तीन कॉइल पहिल्या दिवसापासून धडधाकट होत्या.

आणि इंजिन ऑइल बदल, फिल्टरसकट. सिलिंडर ३ तीन महिने कच्चं पेट्रोल भिंतीवर सोडत होता, ते रिंगमधून खाली ऑइलमध्ये उतरलंय. डिपस्टिकला वास घे, पेट्रोलचा येईल. त्या ऑइलवर टर्बोची बेअरिंग चालतात. हे लोक विसरतात, मिसफायर गेला म्हणून खुश होतात आणि सहा महिन्यांनी टर्बो आवाज करायला लागतो.

नेरूळ_सेक्टर१९ :
धागा वाचतोय पहिल्यापासून. एक आठवण करून द्यावीशी वाटते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. आणि इन्शुरन्सला रिमॅप कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी त्रास होऊ शकतो. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही, माझ्या मेहुण्याला तो त्रास झालाय.

तुर्भे_टर्बो :
याच्यात एक मशीनची बाजू पण जोडतो. तुझा सात गिअरचा ड्राय क्लच गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलाय आणि तुझं इंजिन स्टॉकलाच २५० देतं. म्हणजे कंपनीने जागाच ठेवली नव्हती. रिमॅपवाल्यांकडून खालच्या आरपीएमचा टॉर्क थोडा उतरवून घे, वरची पॉवर राहू दे. क्लच वाचेल आणि गंमत म्हणजे प्लगवरचा ताण पण तिथेच कमी होईल, कारण तुझा सगळा त्रास २,८०० ला सुरू होत होता.

घोडबंदर१८ :
इन्शुरन्सला ईमेल टाकलाय, उत्तराची वाट बघतोय. टॉर्कचं मॅपवाल्यांशी बोललो, ते तयार आहेत, पुढच्या आठवड्यात फाइल बदलून देतील. पंपाबद्दल त्यांना लॉग दाखवला, त्यांनी शांतपणे पाहिला आणि मान्य केलं. राग नाही माझा, त्यांनी स्कॅनरवर जे दिसलं ते सांगितलं होतं.

आता मुख्य. कॉइल आली गुरुवारी, बसवली, तीन जुन्या परत लावल्या, ऑइल बदललं (काका, डिपस्टिकला खरंच वास होता). आज पहाटे तिसऱ्यांदा घाट. तीन वेळा तिसऱ्या गिअरला, एकदा चौथ्याला, बूस्ट १.२ पूर्ण. काउंट १ ला ०, २ ला ०, ३ ला ०, ४ ला ०. भाऊ म्हणाला लॅपटॉप हँग झालाय का, म्हणून परत एकदा चढलो. परत शून्य. लोणावळ्यात थांबून बाबांना फोन केला, त्यांनी फक्त विचारलं किती खर्च आला. चार प्लग, एक कॉइल, ऑइल आणि फिल्टर, सगळं मिळून १४ हजारच्या आत, आधीच्या कॉइल सेटचे ६,८०० वेगळे.

खारघर_एक्सप्रेस :
भावा मनापासून अभिनंदन. तुझा धागा वाचून मी काल माझ्या गाडीचे प्लग काढले. रिमॅप नाही, स्टॉक आहे, ६२ हजार किमी. रेघ नाही पण २ नंबरच्या विहिरीत पाणी होतं, चमचाभर. गाडी नेहमी उघड्यावर उभी असते आणि वायपरखालची जाळी पानांनी तुंबली होती, तिथून उतरत असणार. सुकवलं, जाळी साफ केली. अजून एकही झटका आलेला नाही आणि आता येणारही नाही असं वाटतंय.

सानपाडावाली :
जाळीचं बरं सापडलं. ठाण्यात आणि नवी मुंबईत झाडाखाली गाडी उभी असणाऱ्या सगळ्यांनी जूनच्या आधी ती काढून बघा.

घोडबंदर१८ :
३ नंबरचा तो जुना प्लग मी टाकलेला नाही, एका पारदर्शक डबीत ठेवलाय, ग्लोव्ह बॉक्समध्ये. फोटोत रेघ नीट दिसत नाही, हातात धरून उजेडात फिरवली की दिसते. ज्यांना बघायचीये त्यांनी रविवारी सकाळी सातला उपवनला तलावापाशी या, मी आणि भाऊ असू. काका, तुम्ही कळव्याहून येणार असाल तर मी घ्यायला येतो.

कळव्याचे_काका :
येतो. साडेसहाला स्टेशनच्या पूर्वेला थांबतो. भिंग घेऊन येतो.